रुमाल टाकून धरलेली जागा : इंग्रजी वाक्य मुलांच्या गळी कसं उतरवायचं

नववीच्या एका वहीत मागे एक वाक्य सापडलं : ‘द गोट एट द लेपर्ड.’ शेळीने बिबट्या खाल्ला! मी ते मोठ्याने वाचलं आणि अख्खा वर्ग हसला. वहीचा मालक मात्र उठून उभा राहिला. म्हणाला, “सर, मी बरोबर लिहेल आहे.”

फळ्यावरचं मराठी वाक्य होतं, ‘शेळी बिबट्याने खाल्ली.’ त्याने बोट ठेवून हिशेब दिला. शेळी म्हणजे गोट, बिबट्याने म्हणजे लेपर्ड, खाल्ली म्हणजे एट. क्रियापद मधे आणायचं हे तुम्हीच सांगेल आहे, म्हणून ‘एट’ उचलून मधे ठेवलं. आता चूक कुठे, ते तुम्ही सांगा.

हिशेबात चूक नव्हती. मी सांगितलेला नियम त्याने इमानदारीने पाळला होता. नियमच अर्धा होता. मी बावीस वर्षांपासून जळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवतो, आणि त्यातली निदान आठ वर्षं मी हा अर्धाच नियम सांगत आलो.

या मुलांना शब्द येत नाहीत असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. शिवाय घरी शेती असेल तर ड्रिप, व्हॉल्व्ह, फिल्टर, स्टार्टर, स्प्रे, कॅरेट, लोडिंग हे शब्द मूल शाळेत यायच्या आधीच बोलत असतं. शब्दांची पेटी बऱ्यापैकी भरलेली असते. अडतं ते पेटीतले शब्द रांगेत लावताना. आणि तिथे आम्ही काय करतो, तर नाम, सर्वनाम, विशेषण अशा आठ जातींच्या व्याख्या पाठ करून घेतो. पोरगं ‘अ नाउन इज अ नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग’ घडाघडा म्हणतं, आणि ‘गावात विहीर आहे’ हे इंग्रजीत सांग म्हटलं की ‘व्हिलेज इन वेल इज’ म्हणतं.

तर त्या शेळीकडे परत येऊ. मराठी वाक्यात शेळी आधी आली काय नि बिबट्या आधी आला काय, अर्थ बदलत नाही. ‘बिबट्याने शेळी खाल्ली’, ‘शेळी बिबट्याने खाल्ली’, ‘खाल्ली बिबट्याने शेळी’, काहीही म्हणा, मेली शेळीच. कारण ‘ने’ बिबट्याला चिकटलेला आहे. तो जिथे जाईल तिथे ‘खाणारा मी’ ही पाटी गळ्यात घेऊन जातो. इंग्रजीत लेपर्डच्या गळ्यात अशी पाटी नसते. मग खाणारा कोण हे ऐकणाऱ्याला कसं कळावं? तर फक्त जागेवरून. क्रियापदाच्या आधी जो बसला तो करणारा, नंतर बसला तो भोगणारा. मुलाने ‘बिबट्याने’चं ‘लेपर्ड’ केलं तेव्हा ‘ने’ वाटेत सांडला. तो सांडला की बिबट्याला उचलून पहिल्या जागेवर नेऊन बसवायला हवं होतं. हा नियमाचा उरलेला अर्धा भाग, आणि माझ्या मते आठवीपासून दहावीपर्यंतच्या इंग्रजी व्याकरणातला निम्मा कारभार याच एका गोष्टीवर चालतो : मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत जागा करते.

भुसावळ जवळ असल्याने आमच्या पोरांना रेल्वेचा दाखला लगेच कळतो. मराठी वाक्य म्हणजे जनरलचा डबा. तिकीट प्रत्येकाच्या खिशात, बसा कुठेही. इंग्रजी वाक्य म्हणजे रिझर्व्हेशनचा डबा. तिथे बर्थ नंबरवरून माणूस ओळखतात. तीन नंबरच्या बर्थवर एक नंबरचा जाऊन झोपला की टीसी त्याला तीन नंबरचाच समजणार.

दाखला दिला की एखादं चौकस पोर हमखास विचारतं, इंग्रजांनी असं का केलं? त्यांनी ठरवून काही केलं नाही. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्द बरेच मोकळे फिरत. पुढे शब्दांचे शेवट बोलता बोलता झिजत गेले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याच्या आगेमागे ही झीज चालूच होती. प्रत्यय गळाले तसा क्रम घट्ट होत गेला. जुन्या घराची एखादी भिंत उभी राहावी तसे सर्वनामांत मात्र विभक्तीचे तुकडे शिल्लक आहेत. करणारा असेल तर ‘ही’, भोगणारा असेल तर ‘हिम’. ‘शी’चं ‘हर’, ‘दे’चं ‘देम’, ‘आय’चं ‘मी’. या शेवटच्या जोडीने तर पाचवीतल्या पोरांचा फार घोळ होतो. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. ‘मी गो टू स्कूल’ लिहिणाऱ्या पोराला हे एकदा हसत सांगितलं की ते वर्षभर विसरत नाही.

एकदा एका मुलीने मला अडवलं. “सर, ‘दगड काच फोडतो’ यात ने कुठे आहे?” खरंच नाही. दोन्ही शब्द बिनपाटीचे असले की मराठीही थोडीशी जागेकडे बघते. पहिला तो करणारा, असं आपण धरून चालतो. म्हणजे रिझर्व्हेशनचा डबा आपल्याही गाडीला एखादा जोडलेला आहे. मी तिचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं, कारण तेच इंग्रजीकडे जायचा पूल आहे. तिथून ‘स्टोन ब्रेक्स ग्लास’ला फार चालावं लागत नाही, फक्त क्रियापद मधे घ्यायचं.

आता हे शिकवायचं कसं? व्हरांड्यात खडूने पाच खण आखतो. खणांना कर्ता, कर्म वगैरे नावं देत नाही. प्रश्न लिहितो : कोण? करतो काय? कशाला किंवा कोणाला? कुठे? केव्हा? मुलांच्या हातात शब्दांच्या चिठ्ठ्या. एकेकाने येऊन आपल्या खणात उभं राहायचं. सुरुवात दोनच खणांनी. ‘बर्ड्स फ्लाय.’ ‘अण्णा स्लेप्ट.’ मग तिसरा खण : ‘अण्णा ड्रँक टी.’ मग कुठे, मग केव्हा. पहिल्या दिवशी खणांसमोर गोंधळ उडतो. “सर, हाऊ कथा ठेवू?” (हा कुठे ठेवू?) म्हणून चिठ्ठी नाचवत एक जण उभा असतो आणि बाकीचे त्याला ओढून जागेवर नेतात. ‘केव्हा’वाला थोडा लाडावलेला आहे. त्याला कधी रांगेच्या शेवटी, कधी एकदम सुरुवातीला ‘यस्टरडे’ म्हणत उभं राहू देतात. बाकीच्यांना ती सवलत नाही.

हे पाच खण पक्के झाले की मी पुढची गंमत दाखवतो, आणि या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मराठी वाक्य घ्या : ‘मी काल जळगावच्या बाजारात वांगी विकली.’ शब्दांना नंबर द्या. मी एक, काल दोन, जळगावच्या तीन, बाजारात चार, वांगी पाच, विकली सहा. आता इंग्रजी : ‘आय सोल्ड ब्रिंजल्स इन द मार्केट ऑफ जळगाव यस्टरडे.’ नंबर लावून पाहा. एक, सहा, पाच, चार, तीन, दोन. पहिला शब्द जागेवर, बाकीची गाडी उलटी! इंजिन बदलून मागच्या बाजूला लावावं तशी.

उलटापालट इथेच थांबत नाही. ‘बाजारात’ हा शब्द फोडा : बाजार आणि मागून ‘त’. इंग्रजीत ‘इन’ आधी, मार्केट नंतर. ‘जळगावच्या’ : जळगाव आणि मागून ‘च्या’. इंग्रजीत ‘ऑफ’ आधी, जळगाव नंतर. शब्दाच्या पोटातसुद्धा तोच आरसा. ‘व्हिलेज इन वेल इज’ लिहिणाऱ्या मुलाचा ‘इन’ चुकलेला नव्हता, तो मराठी जागेवर, गावाच्या मागे जाऊन बसला होता. आणि मोठ्या वाक्यातही तेच. ‘काल आलेला पाहुणा’ : आधी काल, मग आलेला, शेवटी पाहुणा. इंग्रजीत ‘द गेस्ट हू केम यस्टरडे’ : पाहुणा, आला, काल. रिलेटिव्ह क्लॉज नावाचं जे प्रकरण नववी-दहावीच्या मुलांना घाबरवतं, ते हेच. आपली भाषा वर्णन आधी सांगून माणूस शेवटी आणते, इंग्रजी माणूस आधी उभा करून वर्णन मागून जोडते. कानडी, तेलुगू, जपानी या भाषांची गाडीही क्रियापदाचं इंजिन शेवटी लावूनच धावते, म्हणजे हा आडमुठेपणा एकट्या मराठीचा नाही.

आरसा कुठे चालत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर पोरं उद्या सगळंच उलटं करतील. ‘दोन पिवळी केळी’ ही ‘टू यलो बनानाज’च राहतात. विशेषण आणि संख्या दोन्हीकडे नामाच्या आधीच. ‘मला वाटतं की’, ‘कारण’, ‘पण’ यांनी जोडलेली वाक्यंही उलटत नाहीत, ‘आय थिंक दॅट’ असं सरळ चालतं. आणि ‘माझ्या भावाचं शेत’ म्हणजे ‘माय ब्रदर्स फार्म’, तेही सरळच. का? कारण त्या ‘ब्रदर्स’च्या शेपटीला लागलेला ‘स’ हा जुन्या इंग्रजीतल्या षष्ठीचा वंशज आहे. नामांच्या बाकी विभक्त्या गळाल्या, हा एक टिकला. त्याला तिकीट आहे म्हणून तो आपल्या ‘च्या’सारखाच आधी बसू शकतो. तेच ‘ऑफ’ने सांगायला गेलात की लगेच गाडी उलटते.

आता रुमाल. मराठीत आपण म्हणतो, “गेला होतास का?” समोरचा म्हणतो, “हो, गेलो होतो.” या दोन वाक्यांत तू नाही नि मी नाही. क्रियापदाच्या शेवटावरूनच कोण ते कळतं. इंग्रजी क्रियापदाचे शेवट झिजलेले, ‘वेंट’वरून मी गेलो की ती गेली की गाव गेलं, काही समजत नाही. म्हणून पहिला खण रिकामा ठेवायची परवानगीच नाही. बसायला कुणी नसेल तरीसुद्धा! ‘उशीर झाला.’ ‘ऊन आहे.’ ‘अंधार पडला.’ यात करणारा कोण? कुणीच नाही. मग इंग्रजी काय करते? यष्टी स्टँडवर आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसा ‘इट’ नावाचा रुमाल टाकते. ‘इट इज लेट.’ ‘इट इज हॉट.’ ‘इट गॉट डार्क.’ या ‘इट’चा अर्थ विचारू नये. रुमालाला कुणी नाव-गाव विचारत नाही. ‘पाऊस पडतोय’चं ‘रेन इज फॉलिंग’ केलं तर ते चुकीचं नाही, पण इंग्रज माणूस ‘इट इज रेनिंग’ म्हणतो.

दुसरा रुमाल ‘देअर’. ‘गावात विहीर आहे’ : ‘देअर इज अ वेल इन द व्हिलेज.’ एखादी गोष्ट आहे किंवा नाही एवढंच सांगायचं असलं की हा रुमाल. इथे ‘देअर’ म्हणजे ‘तिथे’ नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ मी ‘मला’वाल्या वाक्यांवर घालवतो. ‘मला भूक लागली.’ अहिराणीत ‘माले भूक लागनी’. लेवा बोली बोलणाऱ्या घरातलं पोर ‘मले’ म्हणेल. तिन्हीकडे भूक ही कुठून तरी येऊन माणसाला लागते. माणूस बिचारा चतुर्थी विभक्तीत. इंग्रजीत तोच माणूस पहिल्या खणात जाऊन बसतो आणि भुकेला होतो : ‘आय ॲम हंग्री.’ ‘मला दोन भाऊ आहेत’, इंग्रजीत तो भाऊ बाळगतो : ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ ‘मला ताप आला’ : ‘आय हॅव अ फीव्हर.’ ‘मला भरीत आवडतं’ : ‘आय लाइक भरीत.’ ‘मला जायचंय’ : ‘आय वाँट टू गो.’ ‘आजीला आता चालवत नाही’ : ‘ग्रँडमदर कॅनॉट वॉक नाऊ.’ मराठीत अनुभव माणसाकडे चालत येतो, इंग्रजीत माणसाला पुढे होऊन त्याचा मालक व्हावं लागतं. मी पोरांना सरळ सांगतो : तुमच्या मराठी वाक्याची सुरुवात मला, तुला, त्याला अशी होत असेल तर थांबा. तो ‘ला’ काढून माणसाला ‘कोण?’च्या खणात बसवा आणि मग शोधा त्याला ॲम लागतंय, हॅव लागतंय की लाइक, वाँट, नो (म्हणजे माहीत असणं) यांपैकी काही.

अहिराणीचा विषय निघालाच आहे तर एक कबुली. नोकरीच्या सुरुवातीला मी वर्गात अहिराणी ऐकली की ‘शुद्ध बोल’ म्हणायचो. आता उलट मीच सांगतो की वाक्य आधी घरच्या बोलीत म्हण. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषेखाली, अहिराणी धरून, सुमारे साडेअठरा लाख लोक आहेत, आणि ज्यांनी नुसती ‘मराठी’ लिहिली त्यांच्या घरात काय बोलतात ते वेगळंच. नंदुरबारकडच्या वर्गात पावरी, भिली बोलणारं पोर असतं. त्याची मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. अशा पोराला ‘प्रमाण मराठीतून इंग्रजी’ शिकवणं म्हणजे दोन नद्या एकाच उडीत ओलांडायला सांगणं. त्याच्या भाषेतही कोण, काय, कुठे, केव्हा हे प्रश्न असतातच. खण त्या प्रश्नांचे आखले तर कुठल्याही बोलीतून इंग्रजीत जाता येतं.

एक योगायोग मात्र फार गोड आहे. ‘ही’, ‘शी’, ‘इट’च्या पुढे क्रियापदाला ‘स’ लावायचा, ‘ही ईट्स’, ‘शी सिंग्ज’, हे मुलं दहावीपर्यंत विसरतात. एका पोराला ते नेहमी बरोबर यायचं. विचारलं तर म्हणाला, “तो जास, ती जास. आपल्यातही स आहेच की, सर.” दोन्ही ‘स’चा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि अहिराणीत ‘मी जास’लाही ‘स’ लागतो, ‘आम्ही जातस’लाही लागतो. मी हे त्याला नंतर सांगितलं. पण ज्याला आठवणीसाठी खुंटी सापडली, त्याची खुंटी व्याकरणाच्या नावाखाली उपटू नये.

आता हा ‘स’ आणि ‘डू’ यांची भानगड. मराठीत प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’ लावा, झालं. इंग्रजी जागेवर चालणारी भाषा, म्हणून प्रश्नसुद्धा जागा बदलूनच विचारते. ‘ही इज कमिंग’, उचल ‘इज’ आणि ठेव पुढे : ‘इज ही कमिंग?’ वाक्यात इज, कॅन, विल असा मदतनीस असला तर सोपं. पण ‘ही गोज’मध्ये मदतनीसच दिसत नाही. पुढे पाठवणार कुणाला? चार-पाचशे वर्षांपूर्वी इंग्रज क्रियापदालाच पुढे पाठवत, पुढे ती रीत मागे पडली आणि ‘डू’ हा हमाल ठेवला गेला. प्रश्न आला, नकार आला, की त्याला हाक मारायची. आणि हमाल आला की ओझं तोच उचलतो. ‘गोज’च्या डोक्यावर ‘स’चं गाठोडं होतं, ते ‘डू’ने घेतलं, तो ‘डज’ झाला आणि ‘गो’ मोकळ्या हाताने चालू लागला : ‘डज ही गो?’ भूतकाळाचं गाठोडं असेल तर ‘डू’चा ‘डिड’ झाला आणि ‘वेंट’ पुन्हा ‘गो’ : ‘डिड ही गो?’ ‘ही डिड नॉट गो.’ पोरं लिहितात ‘डिड ही वेंट’. एक गाठोडं दोघांच्या डोक्यावर कसं असेल, एवढं विचारलं की पुरतं.

काळ शिकवताना बारा काळांचा तक्ता मी शेवटी काढतो. गो-वेंट-गॉन ही तोंडपाठ यादी मात्र सोडत नाही. अशी साधारण दोनशे हट्टी क्रियापदं आहेत आणि त्यांना पाठांतराशिवाय दुसरा उपाय मला सापडलेला नाही. बाकी काळांचं म्हणाल, तर मराठी नि इंग्रजी जिथे वरवर सारख्या दिसतात तिथेच पाय घसरतो. ‘काल मी चोपड्याला गेलो होतो.’ पोरगं ‘होतो’ बघून ‘हॅड गॉन’ लिहितं. आपण गप्पांत साध्या भूतकाळालाही ‘होतो’ जोडतो, इंग्रजीत तिथे ‘आय वेंट टू चोपडा यस्टरडे’ पुरतं. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती झाली ते दाखवायचं असेल : मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. ‘तू हो पुढे, मी आलोच’ याचं ‘आय केम’ करणारेही भेटतात. आलोच म्हणणारा अजून चप्पल शोधत असतो! तिथे ‘आय ॲम कमिंग’. आणि वर मी लिहिलं तसं, ‘मी बावीस वर्षांपासून शिकवतो.’ मराठीत साधा वर्तमान. इंग्रजीत ‘आय हॅव बीन टीचिंग फॉर ट्वेंटी टू इयर्स’, कारण मागे सुरू झालेली गोष्ट आजपर्यंत ताणून आणायची तर त्यांना ‘हॅव बीन’चा दोर लागतो. आपला एक ‘पासून’ तिथे दोन होतात : बावीस वर्षांपासून असा लांबीचा हिशेब असेल तर ‘फॉर’, सोमवारपासून असा सुरुवातीचा खुंट असेल तर ‘सिन्स’.

‘अ’ आणि ‘द’ यांचं मी फार अवडंबर करत नाही. आजीच्या गोष्टीत ‘एक राजा होता’ आणि दुसऱ्या वाक्यात ‘त्या राजाला तीन मुली होत्या’. ‘एक’च्या जागी ‘अ’, ‘त्या’च्या जागी ‘द’. नवा पाहुणा आणि ओळख झालेला पाहुणा. एवढ्यावर बरीचशी वाक्यं निभावतात, उरलेली वाचून वाचून कानाला कळतात.

पॅसिव्ह व्हॉइसबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पुस्तकी मराठीत आम्ही ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असं शिकवतो. असं कुठलं माणूस बोलतं? त्यामुळे पोरांना पॅसिव्ह म्हणजे परीक्षेतल्या ‘डू ॲज डायरेक्टेड’साठी केलेली कोलांटउडी वाटते. खरं तर आपल्या तोंडी तो रोज असतो. ‘रात्री दोन ट्रक भरले गेले.’ ‘शेजारच्या बागेतले घड कापले गेले.’ कुणी कापले ते माहीत नाही, किंवा माहीत आहे पण नाव घ्यायचं नाही. पहिल्या खणातल्या माणसाला गुपचूप खाली उतरवायचं आणि भोगणाऱ्याला त्याच्या जागी बसवायचं : ‘द बंचेस वर कट.’ जागा बदलली म्हणून उलटा अर्थ होऊ नये यासाठी ‘वर’ (were) नावाची पाटी लावायची. शेळीचं वाक्यसुद्धा असंच वाचवता येतं. ‘द गोट वॉज ईटन बाय द लेपर्ड.’ त्या मुलाला शेळी पहिलीच ठेवायची होती, तर हा रस्ता होता. मी तेव्हा त्याला तो दाखवला नाही. तो धडा ‘पुढच्या सत्रात’ होता.

वह्या तपासतानाही मी आता लाल शाई आवरती घेतो. एका आठवड्यात फक्त खणांच्या चुका बघायच्या, दुसऱ्यात फक्त हमालाच्या. अकरा चुकांभोवती अकरा गोल काढले की पोरगं फक्त गोल मोजतं. आणि लिहिण्याआधी बोलणं. आवाज न काढता शिकलेलं वाक्य हातातून लवकर निसटतं, असा माझा अनुभव.

हे सगळं करूनही काही वाक्यं माझ्या पाच खणांत बसत नाहीत. मागच्या महिन्यात दहावीतली एक मुलगी उशिरा आली. कारण इंग्रजीत सांग म्हटलं तर तिने आधी मनात मराठी जुळवलं : ‘गाडी आलीच नाही.’ मग म्हणाली, “द बस डिड नॉट कम.” वाक्य निर्दोष होतं. हमाल जागेवर, गाठोडं त्याच्या डोक्यावर. पण तिचं तोंड काही खूश दिसेना. “सर, ‘च’ राहिला. ‘च’ कुठे टाकू?”

‘च’ला इंग्रजीत खण नाही. कधी तो आवाज चढवून सांगावा लागतो, कधी ‘जस्ट’ घालून, कधी ‘द बस नेव्हर केम’ असं क्रियापदच फिरवून. ‘मीच गेले’ म्हणायचं तर ‘आय मायसेल्फ वेंट’ किंवा चक्क नवा रुमाल टाकून ‘इट वॉज आय हू वेंट’. एका अक्षरासाठी अख्खा डबा जोडायचा! मी तिला तिन्ही-चारही प्रकार फळ्यावर लिहून दिले. तिने ते नीट वाचले, ‘नेव्हर’वाल्यावर बोट ठेवलं आणि दारात जाऊन पुन्हा आत आली, कारण आता तिला ते वाक्य म्हणून बघायचं होतं.